चिखलातला सिनेमा

माले, ता. मुळशी
त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा मंगळवार

प्रिय जुईली,

पाकीट बघून आधी दचकशील. हल्ली टपालानं येतं ते एकतर बँकेचं असतं, नाहीतर कोणाच्या तरी दहाव्याचं. तसलं काही नाही. घरात सगळी धडधाकट आहेत. शंभूची म्हैस व्यायली, रेडी झाली. सूनबाईनं, म्हणजे शंभूच्या रेश्मानं, खरवस केला तेव्हा तुझ्या नावाच्या दोन वड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्या आम्हीच खाल्ल्या. अक्षर जाडंभरडं दिसेल, कारण पोत्यांवर नाव घालायच्या पेनानं लिहितेय. ओळी उतरणीला लागल्या तर हसू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर तू "हो काकी, बरं काकी" करतेस आणि मी मुद्द्यावर आले की तिकडे बेंगळुरूला तुला ऑफिसातलं कोणीतरी हाक मारतं. कागदाला मध्येच कोणी हाक मारत नाही, म्हणून बसले.

परवा मी ओट्यावर भात पाखडत होते. शंभू आला. माझ्या या पुतण्याच्या पोटात बातमी राहत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हणाला, "काकी, जुईताईचा मेसेज आलाय. वरीस सरायच्या आत ती चॅनल बंद करनार. निस्तं बंद न्हाई, समदे व्हिडिओ पुसून टाकनार हाय." मी विचारलं, पुसून म्हणजे कसं रे, पाटी पुसतात तसं? तर म्हणे, "व्हय, तसंच. मग कुनालाच दिसायचे न्हाईत." मी सूप खाली ठेवलं. तो भात अजून तसाच पडलाय, चिमण्यांची चंगळ झाली. तेव्हापासून तुला काय लिहावं ते मनात जुळवतेय. सरळ सांगायला जमत नाही मला. गोष्टीच्या वाटेनंच यावं लागतं.

तू आलीस तो दिवस आठवतो का? आमच्याकडे तेव्हा धुकं असं उतरलं होतं की समोरचं खाचर दिसत नव्हतं, आणि त्या धुक्यातून तुझी स्कूटर आधी ऐकू आली आणि मग उगवली. पाठीवर पिशवी, पुढे पायाशी पिशवी, मध्ये तू. हिंजवडीला कंप्युटरची नोकरी, भुकूमला फ्लॅट, पण शेजारी नवी इमारत उठत होती आणि दिवसभर भिंतीला भोकं पाडायचा आवाज. तू हेल्मेट काढायच्या आधीच विचारलंस, इथे शांतता आहे का? शंभू म्हणाला, "शांतता लई हाय ताई, रेंज न्हाई." तुला वाटलं तो गंमत करतोय. पुढे तुझं काम झालं की ते जगात सोडायला तुला रेंजसाठी धरणाच्या पाण्याकडच्या बांधावर जाऊन बसावं लागायचं. मांडीवर लॅपटॉप, समोर पाणी, पाण्यावर वाफ. लांबून मला वाटायचं, पोरगी मांडीवर चंद्र घेऊन बसली आहे.

तू नक्की काय करतेस हे आम्हाला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. गोजरा तर रोज विचारायची. तिचं घर खालच्या आळीला, पण कान सगळे आमच्या घराकडे. "चंद्रे, तुझी भाडेकरीन दार लावून एकटीच बोलती. मधीच हसती. मधीच तेच तेच परत बोलती. आगं, कुनाला तरी दाखवा तिला." शेवटी तूच आम्हा दोघींना समोर बसवून समजावलंस. सिनेमा बघायचा, मालिका बघायच्या, लग्नातली गाणी, जत्रेतली पोस्टरं, टेम्पोच्या मागं लिहिलेलं, लोकांना जे आवडतं ते सगळं बघायचं. ते का आवडतं याचा विचार करायचा. मग त्याचे तुकडे जोडून वर आपण बोलायचं, आणि तो व्हिडिओ लोकांपुढे ठेवायचा. तुझं सांगून झालं आणि गोजरानं मांडीवर थाप मारली. "म्हंजी आपली चंद्रीच की ही! फकस्त पायाला चिखल न्हाई!" तू माझ्याकडे बघितलंस, आणि मला वाटतं त्याच घटकेला तू भाडेकरूची घरातली झालीस.

तुला मी ते कितीदा सांगितलं असेल. तरी परत सांगते, कारण पुढचं त्याच्यावर आहे. मी लग्न होऊन मालेला आले तेव्हा माझा मामा फिरत्या तंबूच्या सिनेमात तिकिटं फाडायला होता. पौडच्या बाजूला जत्रेला तंबू लागला की तो मला मशीनशेजारी बसवायचा, फुकटात. आळीतल्या बाकी कोणाला जायला मिळायचं नाही. कोणाची सासू, कोणाचं तान्हं, कोणाचा नवरा. मी शाळेची पायरी चढले नव्हते. पडद्यावर मोठ्ठी पांढरी अक्षरं यायची आणि सगळी माणसं उठून बाहेर जायची. मामाला विचारलं तर म्हणाला, मध्यंतर. मला वाचता आलेला तो पहिला शब्द. मग त्यातला 'म' मी मंदिरावर ओळखला, 'र' रेशनच्या दुकानावर, आणि अशी अक्षरं गोळा करत करत वाचायला लागले. लिहायला तर तुझे काका गेल्यावर शिकले, अंगठा द्यायची लाज वाटली म्हणून.

तर मी सिनेमा बघून यायचे आणि लावणीला उभी राहिले की बाया म्हणायच्या, हं, चालू कर. भाताची लावणी तू बघितलीस, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चिखलातही उतरलीस. वाकून मागं मागं सरायचं, रोपांची मूठ सोडायची, चार काड्या चिखलात खोवायच्या. आम्ही मागं सरायचो आणि गोष्ट पुढं जायची. पावसासाठी इरलं पांघरलं की माझा आवाज आतच घुमायचा, पलीकडच्या बायांना जायचा नाही. म्हणून मी इरलं काढून भिजत सांगायचे, आणि गोजरा तिच्या इरल्याचं टोक माझ्यावर धरायची. मारामारी आली की ओळ झपझप सरकायची. गाणं आलं की हात हळू व्हायचे, आणि बांधावरून पाटील ओरडायचा, "चंद्रे, गानं उरक!" बांधाला पाठ टेकेपर्यंत कोणी कंबर सरळ करायची नाही, हा आमचा नियम; बांध आला की मध्यंतर.

त्यातला नावाड्याच्या पोरीचा सिनेमा सगळ्यांच्या जिवाचा. बाप पुरात गेलेला, पोरगी त्याची नाव चालवते, पलीकडच्या तीरावरचा मास्तर रोज तिच्या नावेतून येतो-जातो आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. मी तो तंबूत बघत होते, आणि शेवटाला, मास्तर कायमचा निघालाय आणि ती नाव सोडते एवढ्यात जनरेटर बंद पडला. भक्कन अंधार. माणसांनी शिट्ट्या मारल्या, मामानं कंदील आणला, सगळे घरी. दुसऱ्या दिवशी तंबू उठला. मी शेतात सगळं सांगितलं आणि इथवर येऊन थांबले. म्हटलं, बायांनो, पुढचं मला ठाऊक नाही. तर काय आरडाओरडा! मग आमचं आम्हीच ठरवलं. त्या ओळीत वाकून, चिखलात हात घालून. कोणी म्हणालं ती त्याच्या मागं जाते, कोणी म्हणालं तो परत येतो. गोजरा म्हणाली, "कशाला? ती नाव घिऊन म्होरं जाईल. तिला समुद्र बघायचाय." मग तेच ठरलं. आमच्यातल्या एकीनंही तेव्हा समुद्र बघितला नव्हता.

आणि ते पातळ. गोजरा आजही सांगते, पोरीचं पातळ हिरवं होतं, काठाला पिवळी रेघ. दुसरी म्हणायची लाल. तिसरी म्हणायची, निळं, माझ्या आईचं होतं तसलं. भांडणं व्हायची. मी रंग सांगितलाच नव्हता गं. सिनेमा काळा-पांढरा होता.

हे ऐकून तू लहान मुलीसारखी टाळ्या वाजवल्या होत्यास. म्हणालीस, काकी, एका सिनेमाचे वीस सिनेमे केलेत तुम्ही.

तुझ्या भाताच्या खोलीचं आठवून मला अजून एकटीला हसू येतं. तू वरच्या खोलीत बोलून बघितलंस, पत्र्याचा आवाज आला. घरात बोलून बघितलंस, म्हैस मध्ये बोलली. मग भाताच्या खोलीत पोत्यांच्या मध्ये जाऊन बसलीस, आणि तिथं तुझा आवाज असा उतरला, जणू कोणी पांघरुणात शेजारी झोपून सांगतंय. व्हिडिओ बघणाऱ्या तुझ्या लोकांनी लिहिलं होतं, ताई, हा कोणता स्टुडिओ? तू पोत्यांतल्या भाताचं नाव, इंद्रायणी, असं उत्तर दिलंस, आणि दोघा-तिघांनी पुण्यात इंद्रायणी स्टुडिओचा पत्ता शोधला. मग एकदा तू परभणीला आईकडे गेलेलीस, आणि शंभूच्या डोक्यात आलं की पोरगी अडचणीत बसते, हातपाय पसरायला जागा नाही. त्यानं एकट्यानं सगळी पोती काढून पडवीत रचली, खोली सारवली, वर भिंतीला गुलाबी रंग दिला. तू आलीस, आनंदानं उडी मारलीस, बोलायला बसलीस आणि आवाज विहिरीतून यावा तसा. तुला वाटलं माईक बिघडला. दोन दिवस तू वायरी काढत-घालत होतीस, आणि शंभू दारात उभा राहून विचारत होता, "ताई, रंग आवडला न्हवं?" मग कळलं, आवाज पोत्यांमुळेच उतरत होता, पण त्याला खरं सांगायला तुझा जीव होईना. पोती सांभाळायच्या निमित्तानं तू म्हणालीस, पडवीत उंदीर लागतील, आत आणूया. तरी काही भात गिरणीला गेला होता, तेवढी पोती आपण कोंड्यानं भरून रचली. शंभूला आजतागायत वाटतं, तू उंदरांच्या भीतीनं एवढी अडचण सोसलीस.

त्या गुलाबी खोलीतून तू काय काय केलंस! सिनेमातल्या आईला खोकलाच का होतो, हे तू सांगितलंस तेव्हा रेश्मा हसून हसून खाली बसली, आणि मग शेवटी तू तुझ्या आजीच्या खोकल्याचं बोललीस आणि तीच रेश्मा पदर डोळ्याला लावून उठून गेली. मालिकेतली स्वयंपाकघरं तर सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. एवढं मोठं घर, एवढे डबे, आणि कधी फोडणी पडत नाही, कोणाच्या हाताला हळद नाही, ताट वाढतं कोण आणि घासतं कोण. तुला हॉटेलात माणसं ओळखायला लागली. पौडच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "तुमीच न्हवं का त्या फोडनीवाल्या?" तू घरी येऊन तीनदा सांगितलंस. नोकरी सोडलीस तेव्हा तुझ्या आईनं मला फोन करून रडून घेतलं, आणि मी तुझी बाजू घेतली म्हणून वर्षभर माझ्याशी अबोला धरला.

मग ते दर आठवड्याचं सुरू झालं. लवकर कर, लहान कर, कोणावर तरी तापून बोल. तू जेवताना हातात मोबाइल धरायला लागलीस. आकडा वाढला की भाजी चांगली, घटला की अळणी. त्याच दिवसांत तू एका मालिकेतल्या वयस्कर बाईवर केलंस, तिच्या रडण्याची नक्कल केलीस. लई चाललं ते. आधीच्या सगळ्यांना मागं टाकलं. शंभूच्या मित्रांनी तुझी नक्कल करून तिची नक्कल केली. तू मला विचारलंस, काकी, आवडला का? आणि मी म्हटलं, आमटीला मीठ कमी झालंय का बघ. मीठ बरोबर होतं, दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतर तू पुष्कळ दिवस पोत्यांत जाऊन नुसतीच बसायचीस. मग एके दिवशी म्हणालीस, मला तुमच्या ओळीवर करायचंय. 'चिखलातला सिनेमा' हे नाव पण तूच दिलंस. एका लावणीला धरलंस आणि दुसरी लावणी आली तरी सोडलं नाहीस. ज्या बाया उरल्यात त्यांच्या घरी गेलीस, प्रत्येकीला पातळाचा रंग विचारलास, आमच्याबरोबर वाकलीस, पडलीस, जळू लागली तेव्हा ओरडून अख्खं माले गोळा केलंस. आकड्याचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, आली पोरगी ठिकाणावर.

आणि मग तू तो सिनेमा शोधून काढलास. कोणीतरी कुठल्या पेटीत सापडलेला इंटरनेटवर टाकला होता म्हणे, ओरखडे पडलेला, पण शेवटापर्यंतचा. तू बांधावरून पळत आलीस. लॅपटॉप उघडा तसाच हातात. "काकी, सापडला! ऊठ, बस इथे, आत्ता बघायचा, मी तुझा चेहरा टिपणार!" कधी नव्हे ते अगंतुगं केलंस, मला इतकं बरं वाटलं. आणि मी काय म्हटलं? दूध उतू जाईल, नंतर बघू. चुलीवर दूध नव्हतं. चूलच पेटली नव्हती. तू चुलीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि लॅपटॉप मिटलास. परत विचारलं नाहीस. तुझ्या व्हिडिओत शेवटी त्या जागी तू नुसता काळोख ठेवलास आणि त्यावर गोजराचं हसणं.

तो व्हिडिओ कोणी बघितला नाही, हे मला ठाऊक आहे. एकानं खाली लिहिलं होतं, ऐकता ऐकता झोप लागली. तू ते वाचलंस आणि त्याच आठवड्यात पुन्हा नोकरी शोधायला लागलीस. अगं, बांधावर भाकरी खाल्ल्यावर मी सांगायची तेव्हा अर्ध्या बाया झोपायच्या. झोपेत ऐकलेलं फार आत जातं. गोजराला ते हिरवं पातळ झोपेतच दिसलं असणार. मला तर ते वाचून वाटलं होतं, चला, पोरीला सांगायला यायला लागलं.

तू गेलीस आणि मग शंभूच्या तोंडून निसटलं. तू जाताना त्याला म्हणाली होतीस, काकीला माझ्या कॅमेऱ्यापुढे बसायचं नव्हतं, त्या बाईची टर उडवली ना मी, तिला वाटलं असेल उद्या माझीही उडवेल. जुई, तुझ्या गळ्याशपथ, असलं काही माझ्या मनाला शिवलं नाही. मला भीती वाटली ती निराळी. आमचा शेवट त्या ओळीतल्या सगळ्यांचा होता. त्यातल्या किती गेल्या. जिनं निळं म्हटलं ती गेली, लाल म्हणणारी लेकाकडे गुजरातला गेली ती तिकडेच. खरा शेवट बघितला असता तर आमची नावाडीण समुद्रावर पोचली नसती असं वाटलं, आणि त्यांच्या मागं मी तो मोडायचा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं. हे तेव्हा सांगता आलं नाही. तू एवढी धावत आलेलीस, आणि माझ्या तोंडून दूध निघालं.

आता इकडचं ऐक. टॉवर झाल्यापासून आता ओट्यावरही रेंज येते. दुपारी घर निजतं तेव्हा शंभूचा जुना मोबाइल मी मोठ्या तांब्यात ठेवते, आवाज मोठा होतो, आणि ओट्यावर पडून तुझा 'चिखलातला सिनेमा' ऐकते. रोज. तू शंभूला लिहिलं होतंस ना, की त्या व्हिडिओला रोज दुपारी नेमानं एकच जण येतो, कुठलं तरी यंत्र असेल? ते यंत्र मी आहे. कधी गोजरा येते, पण ती मध्ये मध्ये स्वतःच्या बोलण्याला होकार देत बसते, त्यामुळे नीट ऐकू येत नाही. डोळे मिटूनच ऐकते मी. भात कापून झालेली खाचरं वाळायला लागली की एक वास येतो बघ, तो असतो, आणि तुझा आवाज पोत्यांच्या मधून येतो, आणि माझी मला मी त्या ओळीत वाकलेली दिसते, सगळ्या जणी दिसतात.

दिसण्यावरून आठवलं. रेश्मा हल्ली माझ्यावर चिडते, मी चहा कपाच्या बाहेर ओतते म्हणून. मागे एकदा शंभूची शेळी बाजूनं येऊन धडकली, मी बसकण मारली, आणि तो मला सोडून शेळीलाच म्हणाला, "म्हातारी दिसत न्हाई व्हय गं तुला?" समोरून आलेलं माणूस मला कळतं; कडेनं आलेलं अंगावर आल्यावरच कळतं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं, मला वाटायचं सुंदरच आहे की, कोणाला कशाला सांगा. शेवटी शंभूनं पुण्याला नेलं. डॉक्टर पोरगेलेसे होते, बोलायला गोड. म्हणाले, आजी, काचबिंदू आहे. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते औषधाच्या थेंबांनी जपू, पण ते किती दिवस पुरेल सांगता येत नाही. मी म्हटलं, कडा आधी जातात का? ते म्हणाले, हो, कडेनं काळं होत होत मधलंच उरतं. मला एकदम तंबू आठवला. तसंच असतं ना गं तिथं? सगळीकडे काळोख आणि मध्ये उजेडाचा एक तुकडा.

घाबरले होते मी, खोटं कशाला बोलू. चार दिवस भाकरी गोड लागली नाही. मग ओट्यावर पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. तंबूत दिवे गेले की कोणी रडायचं नाही, सगळे पुढं सरकून बसायचे. मला फक्त सांगणारी पाहिजे. ओळीतल्या बायांना मी होते, मला कोण आहे? म्हणून हे पत्र. ते व्हिडिओ पुसू नकोस, जुई. जगाला नको असतील तर नसूदेत, मला ते लागणार आहेत, सगळे, त्या रडणाऱ्या बाईचा सोडून. नोकरी कर, बेंगळुरूला राहा, दर आठवड्याचा नेम धरू नकोस. पण सुट्टीत एकदा ये. भात झोडून झालाय आणि या वर्षी एकही पोतं गिरणीला द्यायचं नाही असं मी शंभूला बजावलंय. खोली छतापर्यंत भरली आहे, मध्ये तुझ्यापुरती जागा ठेवली आहे. ये, तो नावाडणीचा सिनेमा तू बघ आणि पोत्यांत बसून मला सांग. मी आणि गोजरा उंबऱ्याशी बसू. शेवटसुद्धा सांग, तो काय असेल तो असूदे. आमचाही आमच्याजवळ राहील, दोन शेवटांनी काही घर मोडत नाही. सावकाश सांग, आम्ही झोपलो तरी थांबू नकोस. फक्त पातळ कोणत्या रंगाचं असेल ते तू सांगू नकोस. तेवढं आमचं आम्ही बघू.

वाट बघणारी, तुझीच,
चंद्राकाकी